थांबवा, आलेच मी

१

डोळ्यांत थेंब घातले की बाबांना थोडा वेळ मान मागे टाकून, डोळे मिटून बसावं लागे. तेवढ्या वेळात ते जगातल्या सगळ्या तक्रारी उरकून घेत. गळका नळ, खालच्या मजल्यावरचा कुत्रा, आणि निवृत्त झालेल्या बस ड्रायव्हरला रस्त्याबद्दल कुणी काही विचारत नाही, ही कायमची. ठिणगी हूं हूं करत फोनवर ऑफिसची उत्तरं टाइप करत राही. ठिणगी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. लहानपणी कशावरूनही पेटायची म्हणून बाबांनी ठेवलेलं. पंचविशी आली तरी पेटणं कमी झालं नाही, म्हणून नावही टिकलं.

त्या रविवारी मात्र बाबांनी नळाचं नाव काढलं नाही. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तो लिफ्टवाला सिनेमा आता कुठे बघायला मिळेल गं?"

ठिणगीचा अंगठा फोनवर थांबला. वर्षभरात त्या सिनेमाचा घरात कुणी उल्लेखही केला नव्हता.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? अर्धा राहिलाय."

"दुसरा कुठलातरी लावते. नवीन खूप आलेत."

"नवीन नको. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंस ना तू?"

ऐकलं होतं. बाबांची नजर कडेकडून मिटत चालली होती. औषधाने त्याचा वेग कमी होणार होता, गेलेलं परत येणार नव्हतं. समोरचं अजून लख्ख दिसे, पण हाताशेजारी ठेवलेला पेला दिसत नसे. नळकांड्यातून बघावं तसं. हे नळकांडंही हळूहळू अरुंद होणार होतं. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं न चाचरता सांगितलं आणि वर म्हणाल्या, जे बघायचं मनात असेल ते बघून घ्या, काका.

"गाडीचे दोन्ही आरसे काढून नेलेत," बाबा म्हणाले. "पुढची काच आहे तोवर शेवट बघू दे. एवढंच मागणं आहे."

त्यांनी डोळे उघडले. एक थेंब गालावरून ओघळला तो औषधाचाच होता, असं ठिणगीने ठरवलं.

२

या घरात सिनेमा बघण्याचा एक कायदा होता आणि तो ठिणगीनेच केला होता.

कॉलेजात असताना एकदा तिच्या लक्षात आलं की आईला कुठल्याच सिनेमाची गोष्ट धड सांगता येत नाही. खुनी कोण ते तिला माहीत असे, पण खून का झाला ते नसे, कारण तेव्हा ती आत गॅस बंद करत होती. दिवसभर आई दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि घरी आल्यावर, बसायची पाळी आली की, उठायची. बाकीचे दोघे तंगड्या पसरून पुढचं बघत राहायचे. हे ध्यानात आलं आणि ठिणगीने भर सिनेमात भाषण ठोकलं. हा अन्याय आहे, तो आपल्याला दिसत नाही हा त्याहून मोठा अन्याय आहे, आणि तो आजपासून बंद. कुणीही उठलं की सिनेमा थांबवायचा. त्या माणसाशिवाय पुढे जायचं नाही. आणि उठलेल्याला हाका मारायच्या नाहीत, घाई करायची नाही. जगाने आईला हाका मारमारून आयुष्यभर पळवलंय. सिनेमाच्या वेळी तरी तिने सावकाश यावं.

"इतके थांबे तर माझ्या बसलासुद्धा नव्हते," बाबा म्हणाले होते.

आईला मात्र कायदा फार आवडला. उठताना ती राणीसारखा हात वर करून म्हणायची, "थांबवा, आलेच मी." मग आत दिव्याचं बटण वाजे, नळ सुटे, नळ बंद होई आणि ती पदराला हात पुसत येऊन दोघांच्या मधल्या जागेवर बसे. गरज नसताना एकदा जास्तच उठते, असा बाबांचा आरोप होता.

लिफ्टवाला सिनेमा त्यांनी घरच्या टीव्हीवर भाड्याने घेतला होता. एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बिघडलेल्या लिफ्टमधून खाली जातो आणि तळमजल्यावर दार उघडतं तेव्हा त्याच दिवसाची मघाची वेळ असते. वर कुणाचा तरी खून झालेला असतो, खाली तो अजून व्हायचा असतो. एकाच माणसाचे असे दोघे होतात, आणि ते, एक आत्ताचा आणि एक मघाचा, एकाच इमारतीत एकमेकांना चुकवत फिरत राहतात. आईचा पार गोंधळ उडाला होता. पडद्यावर तो दिसला रे दिसला की ती विचारायची, "हा आत्ताचा, की मघाचा?" बाबा म्हणत, "मला काय विचारतेस, मी काय त्याच्याबरोबर खाली गेलो होतो?" आणि ठिणगी सांगायची. आत्ताचा आहे. थांब, आता मघाचा.

मग तो माणूस पुन्हा लिफ्टसमोर उभा राहिला. दार हातभर उघडलं, आतून उजेड आला आणि आई म्हणाली, "थांबवा, आलेच मी."

बटण वाजलं. नळ सुटला. नळ बंद झाला.

दोघे बसून राहिले. बाबांचा थोडा डोळा लागला. ठिणगी फोन बघत होती. बराच वेळ झालाय हे तिला जाणवत होतं आणि तरी तिने हाक मारली नाही. आई सावकाश येत होती आणि याचा तिला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटत होता. अर्धा तास सहज गेला असेल. आई फ्रिज आणि कपाटाच्या मधल्या जागेत भिंतीला टेकून बसलेली सापडली. ओट्यावर पाण्याने भरलेला पेला तसाच होता. पडल्याचा आवाज झाला नव्हता, कारण ती पडलीच नव्हती. कुणाची झोप मोडू नये अशा बेताने खाली बसली होती.

थोडं आधी आणलं असतं तर, असं दवाखान्यातले म्हणाले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि या दोघांनीही वर्षभरात केलं नव्हतं.

३

सिनेमा कुठेच मिळेना.

ठिणगीने आठवडाभर रोज संध्याकाळी सगळी अ‍ॅप पालथी घातली. एकीकडे नाव टाकलं की त्याच नावाचा कुत्र्यांचा कार्टून सिनेमा येई. दुसरीकडे 'तुमच्या भागात उपलब्ध नाही'. ज्या ठिकाणाहून भाड्याने घेतला होता तिथे नुसता राखाडी चौकोन आणि 'हा सिनेमा आता येथे नाही' अशी ओळ. डिस्क विकणाऱ्या एकाला तिने फोन केला, तर त्याने आपण आता दुकानात मोबाइलची कव्हरं ठेवतो असं सांगितलं. चोरून उतरवता येतो, असं ऑफिसातला एकजण म्हणाला आणि तिने त्याला चोरी आणि हक्क यांतला फरक जेवणाच्या सुट्टीभर समजावून सांगितला. तिचं ऑफिस ग्राहकांच्या तक्रारी लढवणारं होतं. पैसे घ्यायचे, अर्धा सिनेमा दाखवायचा आणि उरलेला काढून न्यायचा, हे तिच्या डोक्यात बसेना. तिने कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, तो भांडायच्या तयारीनेच.

पलीकडे एक मुलगी होती. आवाजावरून ठिणगीच्याच वयाची, आणि काहीतरी खात असावी.

"तुम्ही तो भाड्याने घेतला होता, बरोबर मॅडम?"

"मागच्या वर्षी. आणि अर्धाच बघून झाला होता."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण ही की तुम्ही तो काढून टाकलात."

"नव्यांना नाही मिळणार, हो. पण तुमच्याकडे आहे की."

"अहो, नाहीये. आठवडाभर शोधतेय मी."

"मला इथे दिसतोय ना. तुमच्या घरच्या टीव्हीवर. थांबवून ठेवलेला आहे." घोट घेतल्याचा आवाज आला. "भाड्याची मुदत कधीच संपायला हवी होती. पण तो बंदच केलेला नाही कुणी. उघडा आहे अजून."

"टीव्ही आम्ही रोज बंद करतो."

"टीव्ही करत असाल. सिनेमा नाही केलेला." मग ती मुलगी जरा थांबली आणि खाजगीत बोलावं तसं म्हणाली, "तुम्ही शोधताय म्हणून मिळत नाहीये तो. शोधू नका. 'बघणं चालू ठेवा' असं खाली असतं ना, तिथे बघा."

ती ओळ ठिणगीने आठवडाभर रोज पाहिली होती, आणि तिथे हा सिनेमा एकदाही नव्हता. घरी येऊन टीव्ही लावला तर तिथे, अगदी पहिल्या जागेवर, लिफ्टसमोर उभ्या माणसाची पाठ होती आणि तिच्याखाली अर्ध्यापर्यंत सरकलेली लाल रेघ.

कंपन्यांचा ढिसाळपणा. दुसरं काय. ती स्वतःशीच मोठ्याने तसं म्हणालीही, आणि मग ते कुणीतरी ऐकलं असावं अशा संकोचाने गप्प झाली.

४

"मधूनच नको," बाबा म्हणाले. "चालत्या गाडीत चढायचं नाही. सुरुवातीपासून लाव."

रविवारची दुपार होती. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून पडदे ओढले होते. बाबा कोचाच्या एका टोकाला, ठिणगी दुसऱ्या. मधली जागा रिकामी. वर्षभर ते असेच बसत आले होते, कुणी ठरवलं नव्हतं. जेवायच्या टेबलाशीदेखील एक खुर्ची अशीच राहून गेली होती.

सिनेमा सुरू झाला आणि ठिणगीला वाटलं होतं तितका त्रास झाला नाही. बाबा रंगले होते. एकदा ते उठले, तिने थांबवला, ते आले, तिने लावला. एकदा ती पाणी प्यायला उठली. कायदा व्यवस्थित चालू होता.

मग लिफ्टवाला पहिल्यांदा खाली गेला, मघाच्या इमारतीत. तो जिन्याखाली लपलेला असताना चित्र थांबलं.

ठिणगीने रिमोटकडे पाहिलं. तो समोरच्या टेबलावर होता. बाबांचे हात त्यांच्या मांडीवर होते.

"नेट गेलं वाटतं," ती म्हणाली.

आत दिव्याचं बटण वाजलं.

फार मोठा आवाज नव्हे. घरातल्या बटणाचा जेवढा असतो तेवढाच. मग नळ सुटला. पाणी आधी रिकाम्या भांड्यावर आपटावं तसं, मग भरत्या भांड्यात पडावं तसं. नळ बंद झाला.

शेजारच्यांची मोरी आपल्या भिंतीला लागून आहे, ठिणगीने मनात म्हटलं. दुपारची शांतता, पडदे ओढलेले, आवाज कुठूनही आल्यासारखे वाटतात. हे सगळं खरं होतं. शेजारच्यांचा नळ तिने जन्मभर ऐकला होता आणि तो असा वाजत नाही, हेही खरं होतं.

तिने बाबांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते, सिग्नलला उभ्या बसमधला ड्रायव्हर बघतो तसे. कंटाळा नाही, घाई नाही.

चित्र आपोआप चालू झालं. कोचाची मधली गादी फूस्स करून जरा खाली गेली की काय, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. जुनी गादी होती.

"बाबा, आज एवढंच पुरे," ती म्हणाली. "डोळ्यांना ताण नको."

"बरं," बाबा म्हणाले. वाद न घालता. हेही त्यांच्यासारखं नव्हतं.

५

सोमवारी ऑफिसातून लवकर आली तर ओट्यावर पाण्याने भरलेला पेला.

"बाबा, पाणी घेतलंत आणि प्यायला विसरलात?"

"मी बाटलीतून पितो. पेला मला सापडत नाही."

तिने पेला ओतून पालथा घातला. मंगळवारी तो पुन्हा भरलेला होता. बुधवारी तिने पेला ऑफिसच्या बॅगेत घालून नेला आणि दिवसभर आपण काय करतोय याची तिला लाज वाटत राहिली. संध्याकाळी ओट्यावर दुसरा पेला होता. तो कपाटाच्या अगदी मागे, पाहुण्यांसाठी ठेवलेल्यांपैकी होता.

ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. अगदी समोर, म्हणजे त्यांना दिसेल.

"तुम्ही मला घाबरवताय का? खरं सांगा. रागावणार नाही."

"तू रागावणार नाहीस, हे कधी झालंय?"

"बाबा."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू ऑफिसला गेलीस की मी इथे बसतो," ते म्हणाले. "टीव्ही लावत नाही. मीही कायदा पाळतो. नुसता बसतो. आणि दुपारी कधीतरी गादी दबते."

"जुनी झालीय गादी."

"झालीय," बाबांनी लगेच मान्य केलं. "मला वाटतं, मला बाजूचं दिसत नाही ना आता, म्हणून ती बसत असेल. आधी बसली नसती. आधी मी वळून बघितलं असतं."

ठिणगीला काही बोलायचं होतं. मेंदू, एकटेपणा, डॉक्टर, यांतलं काहीतरी. तिच्याकडे सगळे शब्द होते. ते बाजूला ठेवून ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

"वाटते की. पहिल्या दिवशी तर वाटलं, उठून खाली त्या कुत्र्यापाशी जाऊन बसावं." ते जरा हसले. "पण तिला अर्ध्यात सोडून कसं जायचं? बसमध्ये एक बाई चढलेली असताना मी गाडी सोडून गेलोय का कधी?"

"आणि मी का येऊ पुढच्या रविवारी त्या कोचावर? सांगा ना. मी काय करू तिथे?"

"तू सांगतेस तिला," बाबा म्हणाले. "आत्ताचा कोण, मघाचा कोण. मला कुठे कळतं त्यातलं?"

६

रविवारी तिने पडदे ओढले नाहीत. उजेड हवा होता. बाबांनी हात डोळ्यांवर धरला तेव्हा तिने ते निमूट ओढले.

सिनेमा जिथे सोडला होता तिथून लागला. ठिणगी पडद्याकडे कमी आणि रिमोटकडे जास्त बघत होती. लिफ्टवाला पळाला, लपला, स्वतःलाच एका काचेतून पाठमोरा बघून दचकला. बाबा म्हणाले, "हाच तो." ती म्हणाली, "दोघं एकच आहेत, बाबा." आणि मग तो पुन्हा लिफ्टसमोर आला.

दार हातभर उघडलं. आतून उजेड आला.

चित्र थांबलं.

हे होणार हे तिला ठाऊक होतं. आठवडाभर ठाऊक होतं. तरी तिची नजर आधी टेबलावरच्या रिमोटकडे गेली. लाल रेघ बरोबर त्या जागी होती जिथे ती वर्षभर होती. जणू मधला आठवडा, मधलं वर्ष, थेंब, डॉक्टरीणबाई, काही झालंच नव्हतं.

बटण वाजलं. नळ सुटला. नळ बंद झाला.

आणि मग काहीच नाही.

ती शांतता तिने एकदा ऐकली होती, आणि फोन बघत ऐकली होती. आता हातात फोन नव्हता. शांतता म्हणजे काही न होणं नव्हे, हे तिला आता ऐकू येत होतं. आत कुणीतरी भिंतीला पाठ लावून, आवाज न करता, हळूहळू खाली बसत होतं.

"बाबा, मी जाते."

बाबांचे नुसते ओठ हलले, बहुधा कायद्याचं कलम आठवून.

ती उठली. स्वयंपाकघराकडच्या बोळातून जाताना तिचा वेग कमी होत गेला. आयुष्यात प्रत्येक ठिकाणी धावत पोचलेल्या मुलीला स्वतःच्या स्वयंपाकघराच्या दारात पोचायला इतका वेळ का लागावा? आणि ती कशाला घाबरत होती? आई तिथे असेल याला, की नसेल याला?

दिवा लागलेला होता. ओट्यावर पेला काठोकाठ भरलेला होता आणि पाणी अजून थरथरत होतं. फ्रिज आणि कपाटाच्या मधली जागा रिकामी होती.

"आई," ती म्हणाली. हळूच. हाक म्हणण्याइतपतही नाही.

तिने पेल्याला बोट लावलं. पाणी गार होतं. मग तिच्या पायांतला जोर गेला. पडावं असं नव्हे. बसावंसं वाटलं. तिथेच, त्या मधल्या जागेत, पाठीला भिंत लावून. फरशी उबदार होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी. बसल्यावर तिला कळलं की इथून बोळ दिसतो, बोळाच्या टोकाला बाहेरच्या खोलीतला टीव्हीचा निळसर उजेड दिसतो, आणि इथून हाक मारायला तोंड उघडत नाही. श्वास होता, आवाज नव्हता. इथे बसून आई तो उजेड बघत होती. कोण उठतंय का ते बघत होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता. हलका, बसस्टॉपवर ओळखीचं कुणी भेटल्यासारखा. ते काहीतरी बोलत, थांबत, पुन्हा बोलत. मधल्या थांब्यांत काय होतं ते इथवर पोचत नव्हतं. एकदा ते हसले. मग गप्प झाले. मग कोच करकरला.

आणि बोळात भिंतीवरून काहीतरी घासत येऊ लागलं. सावकाश. थांबत. पुन्हा घासत. दिव्याचा उजेड तिथवर पोचत नव्हता आणि ठिणगीला तोंड उघडता येत नव्हतं. ती आतल्या आत म्हणत होती की हा हात आहे, हा नुसता भिंतीवरचा हात आहे. कुणाचा, हे म्हणायचं धाडस तिला होत नव्हतं.

बाबा दारात आले. एक हात भिंतीवर, दुसरा पुढे केलेला. ते समोर बघत होते, आणि ती खाली, कडेला होती, जिथलं त्यांना दिसत नसे.

"आहेस का इथे?" ते म्हणाले. मग मान वाकवून, ओटा, फ्रिज, फरशी असं तुकड्यातुकड्याने बघत ते तिच्यापर्यंत पोचले. "का गं? खाली का बसलीस?"

त्यांनी हात धरल्यावर तिचा आवाज सुटला. "तुम्ही उठलात?"

"ती म्हणाली, बराच वेळ झाला, बघून या." बाबा धापा टाकत होते. "मी म्हटलं, हाक मारायची नाही असं ठरलंय आपलं. तर म्हणते, हाक नका मारू. उठा आणि बघून या. कायदा करणाऱ्या पोरीच्या हे ध्यानात आलं नाही, आणि तुम्हीही तसेच, असं म्हणाली. रागावली नव्हती हं. आपली नेहमीसारखी."

ठिणगी त्यांच्या सदऱ्याला चिकटून बराच वेळ रडली. बाबांनी ओट्यावरचा पेला चाचपून शोधला आणि तिला पाणी पाजलं. अर्धं त्यांच्या बाहीवर सांडलं.

"चल," ते म्हणाले. "थांबलीय ती."

७

बोळातून त्या दोघांनी एकमेकांना धरून वाट काढली. पडद्यावर लिफ्टचं दार हातभर उघडंच होतं. ठिणगी उठली तेव्हापासून चित्र तसूभरही हललं नव्हतं. कोचाची पाठ दाराकडे होती. उजेडात तिच्या वरच्या कडेची रेघ दिसत होती, आणि रेघेच्या मध्यावर, जिथे ती सरळ असायला हवी होती, तिथे ती सरळ नव्हती.

ठिणगी थबकली.

"समोर बघ," बाबा हलकेच म्हणाले. "मी बघतो ना, तसं. फक्त समोर."

"तुम्हाला सवय आहे."

"तुलाही होईल. शेवटापुरतं कर."

जन्मात तिने कशाकडे बघायचं टाळलं नव्हतं. जे असेल ते उजेडात आणा, तोंडावर बोला, ही तिची रीत. मान वळवायला किती लागतं? आणि वळवली तर कळेल. आई आहे की जुनी गादी आहे, हे कायमचं कळेल. बाबांनी तिचा हात दाबला. त्यांना वळूनही दिसलं नसतं. जे काही त्यांच्याकडे होतं ते न बघण्यावरच टिकलेलं होतं, आणि तिने एकदा मान वळवली तर ते तिच्याबरोबर त्यांचंही जाणार होतं.

ती समोर बघत चालली. कोचाला वळसा घालताना तिने पडद्यावरच्या माणसाची पाठ डोळ्यांनी घट्ट धरून ठेवली. बाबा आपल्या टोकाला बसले. ती आपल्या. डाव्या दंडाला ऊब लागत होती.

रिमोट टेबलावर होता. त्याला कुणी हात लावला नाही.

लिफ्टचं दार पूर्ण उघडलं. सिनेमा त्या जागेच्या पुढे गेला, एका वर्षानंतर, आणि बाबांनी श्वास सोडला. आतल्या उजेडात एक माणूस उभा होता, बाहेर एक. दोघांचे कपडे तेच, चेहरा तोच, हातातला पाना तोच. ते एकमेकांकडे बघत राहिले. बाहेरच्याने हात पुढे केला. आतला हळूच बाहेर आला.

"हा आत्ताचा," मधून कुणीतरी विचारलं, "की मघाचा?"

आवाज इतका हलका होता की तो बाबांचाही असू शकला असता.

ठिणगीने मान वळवली नाही.

"मघाचा, आई," ती म्हणाली.